गेम नव्हे, मोहल्ला आहे तो

आपल्या घरांमध्ये ऑनलाइन गेमबद्दल दोनच निकाल दिले जातात. पहिला, "बंद कर ते, हराम आहे." दुसरा, "खेळू दे, घरात तरी आहे ना, बाहेर टवाळक्या तर करत नाही." एकाच घरात एकाच मुलाला हे दोन्ही निकाल ऐकायला मिळतात. परीक्षा जवळ आली की पहिला, पाहुणे आले की दुसरा. दोन्ही निकालांत एक गोष्ट मात्र सारखी असते. निकाल देणाऱ्याने गेम पाहिलेला नसतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेम बनवत नाही, पण एकाच वेळी हजारो माणसं वापरतात अशा यंत्रणा बनवणं हे माझं रोजचं काम. नातेवाइकांत मी 'कम्प्युटरवाला' म्हणून दर ईदला कोणी ना कोणी आपल्या मुलाचा फोन माझ्या हातात देतं आणि विचारतं, "बघ रे, हा गेम चांगला की वाईट?" मी उत्तर देत नाही, कारण प्रश्नच चुकीचा आहे. सिनेमाबद्दल असं विचारता येतं, कारण तो सगळ्यांना सारखाच दिसतो. ज्या गेममध्ये अनोळखी माणसं एकाच वेळी वावरतात, बोलतात, देवाणघेवाण करतात, तो प्रत्येक मुलाला वेगळा दिसतो आणि कालचा आज राहत नाही. तो मोहल्ला आहे. घर भाड्याने घेताना अम्मी मोहल्ल्याच्या भिंतींचा रंग विचारत नाही. ती विचारते, तिथे राहतं कोण, रात्री नाक्यावर कोण उभं असतं, पोरांना उधार कोण देतं, काही झालं तर ऐकून घेणारं कोणी आहे का. गेमबद्दल हेच प्रश्न विचारायचे असतात, आणि आपण ते सोडून बाकी सगळे विचारतो.

हा लेख मी आईवडिलांसाठी लिहिलेला नाही. तो तुमच्यासाठी आहे, म्हणजे विशीतल्या, पंचविशीतल्या भावांसाठी आणि आपांसाठी. वायफायचा पासवर्ड तुमच्याकडे आहे. अम्मीच्या फोनवर यूपीआय तुम्ही चालू करून दिलंय. धाकट्याचं गेमचं खातंही बहुतेक तुम्हीच उघडून दिलंय, खोटं जन्मसाल टाकून. पारख करायची अक्कल अम्मीकडे आहे आणि माहिती तुमच्याकडे. या दोन गोष्टी एकत्र येत नाहीत, सगळा घोळ तिथे आहे.

भातुकली, पण कोणाबरोबर?

आधी हे गेम म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा गेम लिहायला घेतला, पुढे रिचर्ड बार्टलने तो वाढवला. त्यात चित्र नव्हतं, नुसता मजकूर होता. पण दोन नव्या गोष्टी होत्या. खेळणारा स्वतःसाठी एक पात्र घेत होता आणि त्याच जगात त्याच वेळी दुसरी खरी माणसंही होती. २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये याच कल्पनेवर चाळीस-चाळीस जणांच्या मोहिमा निघू लागल्या. वेळ ठरलेली, कामं वाटून दिलेली, एक जण आला नाही तर बाकीचे खोळंबणार.

आज आपल्या लहान भावंडांच्या फोनवर हीच कल्पना 'रोब्लॉक्स'च्या रूपात आहे. रोब्लॉक्स २००६ मध्ये सुरू झालं. तो एक गेम नव्हे, लोकांनी बनवलेल्या लाखो गेम्सचा बाजार आहे. त्यातल्या 'ब्रुकहेवन'मध्ये मूल घर घेतं, आई होतं, पोलीस होतं, डॉक्टर होतं. आपल्याकडे याला भातुकली म्हणतात. फरक एवढाच की अंगणातल्या भातुकलीत नवरा झालेला पोरगा शेजारच्या खालाचा असायचा. इथे तो कोण आहे, किती वर्षांचा आहे, ते तुम्हाला माहीत नाही आणि तुमच्या बहिणीलाही माहीत नाही.

मी या गेम्सच्या विरोधात नाही. रोब्लॉक्सवर स्वतःचा गेम बनवायला मूल लुआ भाषेच्या जवळची एक प्रोग्रामिंगची भाषा शिकतं. पुस्तकातून शिकवायला गेलं तर ते दहा मिनिटांत उठून जाईल. मुंब्र्यात, भिवंडीत, मालेगावात एका खोलीच्या घरात वाढणाऱ्या मुलाला मैदान कुठे आहे? त्याला फोनमध्ये एक मोठं, रंगीत, मोकळं जग मिळतं, तर त्याचा हेवा करण्यासारखं काही नाही. म्हणूनच ते जग पारखून द्यायचं आहे. मैदान एकच असेल तर ते कसं आहे हे जास्त नीट बघायला नको का?

आपण कशावर ओरडलो

आपण आजवर काय पारखलं ते आठवून बघा. २०१९ च्या मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी पबजीवर बंदी घातली आणि खेळताना सापडलेल्या तरुणांना अटक केली, त्यात कॉलेजची पोरंही होती. त्याच वर्षी इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या उलेमा मंडळाने पबजी हराम ठरवली. २०२० च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्सबरोबर पबजी मोबाइल बंद केली; कारण दिलं ते देशाच्या सुरक्षेचं आणि वापरणाऱ्यांच्या माहितीचं. मुलांचा त्यात उल्लेख असायचं कारणच नव्हतं. २०२१ च्या जुलैमध्ये तोच गेम 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परत आला. या वेळी १८ वर्षांखालच्यांसाठी मर्यादा होत्या. दिवसाला तीन तास खेळ आणि दिवसाला ७ हजार रुपये खर्च. दिवसाला ७ हजार! ही मर्यादा भिवंडीत यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाला वाचून दाखवा आणि त्याला विचारा, मुलाच्या हिताचा विचार करणाऱ्याने हा आकडा काढलाय का.

आता २०२० चा जून आठवा. पबजी मोबाइलच्या एका नव्या प्रकारात पात्रं एका मूर्तीपुढे झुकत होती. आखाती देशांत संताप झाला, क्लिप आपल्या ग्रुपांवरही फिरल्या, कंपनीने माफी मागितली आणि तो भाग काढून टाकला. काही सेकंदांच्या त्या दृश्यासाठी आपण जेवढा आवाज केला, त्याच्या दहावा हिस्सा आवाज तरी त्याच गेममधल्या व्हॉइस चॅटबद्दल केला का? तिथे रात्री अकरा वाजता बारा वर्षांच्या मुलाच्या कानात कोण काय बोलतंय याबद्दल एक तरी फॉरवर्ड आला का? चित्र दिसतं म्हणून आपण चित्रावर ओरडतो. माणूस दिसत नाही म्हणून त्याला सोडून देतो.

काही जण म्हणतील, प्ले स्टोअरवर वयाचा शिक्का असतो की, ३+, ७+, १२+. तो शिक्का चित्रांचा आणि मजकुराचा आहे. अमेरिकेत गेम्सना वयाची प्रतवारी देणाऱ्या 'ईएसआरबी' या संस्थेने ऑनलाइन गेमवर वर्षानुवर्षं एक सूचना छापली आहे: ऑनलाइन होणाऱ्या संवादाची प्रतवारी आम्ही केलेली नाही. शिक्का मारणारेच सांगतात की इमारत तपासली, राहणारे तपासले नाहीत. आणि आपण तो शिक्का बघून मूल आत सोडतो.

मोहल्ल्याचे पाच प्रश्न

पहिला प्रश्न: माझ्या मुलाशी कोण बोलू शकतं? गेमच्या सेटिंगमध्ये याचं उत्तर असतं: सगळे, फक्त मित्र, किंवा कोणीच नाही. कंपनी ते सुरुवातीला कशावर ठेवते, त्यावरून तिची नियत कळते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये 'फोर्टनाइट' बनवणाऱ्या एपिक गेम्सने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. आरोपांपैकी एक असा होता की लहान मुलांच्या खात्यावरही आवाजी आणि लेखी चॅट आपोआप चालू ठेवलं होतं आणि मुलं थेट अनोळखी लोकांबरोबर जोडली जात होती. एवढ्या मोठ्या कंपनीवर हा आरोप होऊ शकतो, तर तुमच्या भावाने काल उतरवलेल्या गेमचं सेटिंग न बघता सोडू नका.

रोब्लॉक्सने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पालकांचं खातं मुलाच्या खात्याला जोडण्याची सोय दिली. मित्रांची यादी, वेळेची मर्यादा, खर्चाची मर्यादा पालकांच्या फोनवरून बघता येते. २०२६ च्या जानेवारीपासून चॅटसाठी चेहऱ्यावरून वयाचा अंदाज घेणंही जगभर सुरू झालं. या चांगल्या गोष्टी आहेत. पण पालकांचं खातं जोडून देणार कोण? आणि चेहरा दाखवायला घरात मोठा भाऊ बसलेला असेल तर त्या तपासणीचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरा प्रश्न: बोलणं गेमच्या बाहेर जातंय का? पाचांतला एकच प्रश्न लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. बहुतेक मोठ्या गेममध्ये शब्द गाळणारी चाळणी असते, तक्रारीचं बटण असतं, संभाषणाची नोंद असते. वाईट हेतूच्या माणसाला हे माहीत असतं. म्हणून तो आधी गेममधली एखादी वस्तू भेट देतो, मग म्हणतो, "डिस्कॉर्डवर ये," "इन्स्टा आयडी दे," "व्हॉट्सअ‍ॅप नंबर सांग ना." मोहल्ल्याच्या नाक्यावर गप्पा मारणारा माणूस पोराला म्हणाला, "चल, गच्चीवर जाऊन बोलू," तर अम्मी काय करेल? हा तोच क्षण आहे. धाकट्याला चाळीस नियम सांगू नका. एवढंच सांगा: गेममधली दोस्ती गेममध्ये, बाहेर बोलावणारा कोणीही असो, आधी मला सांगायचं. आणि सांगितलं म्हणून फोन काढून घेणार नाही, हेही त्याच वेळी सांगा आणि पाळा. नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

तिसरा प्रश्न: पैसा कोणत्या दाराने जातो? 'गेन्शिन इम्पॅक्ट' हा सुंदर गेम आहे, फुकट आहे, आणि दोन-चार मित्र मिळून खेळता येतो. त्यात नवं पात्र हवं असेल तर सोडत काढावी लागते. रुपयांचे आधी क्रिस्टल होतात, क्रिस्टलचे प्रायमोजेम, प्रायमोजेमचं 'फेट', आणि फेट टाकलं की एक सोडत. चार हात बदलल्यावर आपण किती रुपये टाकले ते मोठ्या माणसालाही सांगता येत नाही. मुलाला कुठून येणार? सर्वांत वरच्या दर्जाचं बक्षीस एका सोडतीत मिळण्याची मूळ शक्यता आहे ०.६ टक्के. हिशेब करा. शंभर मुलांनी प्रत्येकी पन्नास सोडती काढल्या तर साधारण ७४ जणांच्या हाती ते बक्षीस लागत नाही. नव्वदाव्या सोडतीला ते नक्की मिळतं, पण हवं तेच पात्र मिळेल याची तेव्हाही खात्री नाही. २०२५ च्या जानेवारीत याच गेमच्या कंपनीने अमेरिकेच्या त्याच कमिशनशी २ कोटी डॉलरची तडजोड केली आणि १६ वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय अशा सोडती न विकण्याचं मान्य केलं. बेल्जियमच्या जुगार आयोगाने तर २०१८ मध्येच पैसे घेऊन विकलेल्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं होतं.

बघा ना, कॅरम क्लबात पाच रुपये लावले तर आपल्याकडे खुतब्यात विषय निघतो. इथे घरच्या गादीवर बसून मूल सोडत काढतंय आणि आपण त्याला 'गेम' म्हणतोय. अम्मीच्या फोनचा यूपीआय पिन धाकट्याला माहीत आहे का, प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागितला जातो का, ऑटोपे चालू आहे का, हे तपासायला पाच मिनिटं लागतात. अब्बा कुवेतहून किंवा मस्कतहून पैसे पाठवतात तेव्हा त्यामागे किती तासांची पाळी असते ते तुम्हाला माहीत आहे. मग ही पाच मिनिटं आजच काढा.

चौथा प्रश्न: घड्याळ कोणाच्या हातात आहे? क्रिकेटचा डाव संपतो. हे जग संपत नाही, फोन बंद केला तरी तिथे खेळ चालूच असतो. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली. शक्ती ठरावीक मिनिटांनी भरते, भरली की वाया जाऊ नये म्हणून परत यावं लागतं. आठ वाजता टोळीची मोहीम आहे, हा गेला नाही तर सहा जणांचं नुकसान. "जेवायला ये" म्हटल्यावर मूल चिडतं, तेव्हा ते उद्धट झालंय असं आपण मानतो. पुष्कळदा ते तिकडे कोणाला तरी शब्द देऊन बसलेलं असतं. म्हणून विचारायचं ते असं: हा गेम मध्येच थांबवता येतो का? एक आठवडा न खेळल्यास काय गमावतो? उत्तर "काही नाही" असेल तर गेम बरा. उत्तर ऐकताना मुलाचा चेहरा उतरला तर घड्याळ कंपनीच्या हातात आहे.

इथे 'व्यसन' हा शब्द उठसूट वापरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, गेमिंगचा विकार आहे. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, नुकसान होऊनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, असे निकष आहेत. सुट्टीत चार तास खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी नसतो. जो खरंच त्यात अडकलाय त्याच्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून खास क्लिनिक आहे. त्याला डॉक्टरकडे न्या, ताविजासाठी फिरवू नका.

पाचवा प्रश्न: तक्रार केली तर ऐकतं कोण? गेममध्ये 'ब्लॉक' आणि 'रिपोर्ट'ची बटणं कुठे आहेत ते मुलाने तुम्हाला दाखवावं. त्याला दाखवता आलं नाही, तर त्याला ती माहीत नाहीत. गेमच्या बाहेरही दारं आहेत: पैसे गेले तर १९३०, मुलाला त्रास होत असेल तर १०९८. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा फोनवरून केलेल्या छळालाही लागू आहे. अशा वेळी "मोहल्ल्यात बभ्रा होईल" म्हणून चॅट पुसून टाकू नका. तोच पुरावा असतो.

मुलीचा फोन

आता अवघड बोलतो. हे पाच प्रश्न आपण मुलाच्या बाबतीत विचारत नाही, कारण त्याला सगळं माफ आहे. मुलीच्या बाबतीत विचारत नाही, कारण तिच्याकडून फोनच काढून घेतलेला असतो. बारा वर्षांची झाली की मुलीचं मैदान सुटतं, गल्लीतली सायकल सुटते. एखादी मुलगी ब्रुकहेवनमध्ये घर सजवते, मैत्रिणींबरोबर गाडी चालवते, तेव्हा तिला तेवढंच तर फिरणं उरलेलं असतं. कोणीतरी तिला घाणेरडा मेसेज पाठवला आणि तिने तो भावाला दाखवला, तर शिक्षा कोणाला होते? तिला. फोन तिचा जातो, पाठवणारा दुसऱ्या मुलीकडे वळतो. हिला आपण सुरक्षा म्हणतो. यातून मुली एकच गोष्ट शिकतात, की सांगायचं नाही. बाहेरच्या वाईट माणसाला हवी असते ती नेमकी हीच शांतता, आणि ती त्याला आपण घरातून पुरवतो.

नावाची गोष्ट

आणखी एक प्रश्न आहे, जो इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या 'पालकांसाठी दहा सूचनां'मध्ये कधी सापडणार नाही. आपल्या मुलांचं नाव. व्हॉइस चॅटवर नाव ऐकल्यावर पडणाऱ्या शिव्या मी स्वतः ऐकल्या आहेत. कितीतरी मुलं टोपणनाव घेतात ती याच कारणाने, आणि घरी सांगत नाहीत. त्यांना विचारा. "असं कोणी बोललं का तुला?" हा प्रश्न अब्बांनी विचारलेला मुलाला आयुष्यभर आठवेल.

आणि दुसरी बाजू. २०२३ च्या जूनमध्ये गाझियाबादच्या एका गुन्ह्यात ऑनलाइन गेम आणि चॅटमधून अल्पवयीन मुलांचं धर्मांतर केल्याचा आरोप झाला आणि मुंब्र्याच्या एका तरुणाला अटक झाली. आरोपाचा निकाल न्यायालय देईल. पण टीव्हीवर 'गेमिंग जिहाद' हा शब्द फिरू लागला आणि एका माणसावरचा आरोप अख्ख्या मुंब्र्याच्या माथी मारला गेला. त्याविरुद्ध आपण बोललं पाहिजे, आणि बोललोही. पण त्याच वेळी घरात एक नियम स्वच्छ असला पाहिजे: अनोळखी मोठा माणूस मुलाशी रात्री खासगीत बोलत असेल तर ते थांबवायचं. तो घाणेरडं बोलत असो, द्वेष शिकवत असो, किंवा दीनच्या गोष्टी सांगत असो. "चांगलंच तर सांगतोय" ही सूट कोणालाच नाही, आपल्यातल्यालाही नाही. दुसऱ्याच्या मुलाशी आपण असं वागायचं नाही आणि आपल्या मुलाशी कोणी वागू द्यायचं नाही. हा नियम दोन्हीकडे लावला तरच आपल्या तोंडून तो शोभतो.

"अम्मीला काय कळणार?"

तुमचा आक्षेप मला ऐकू येतोय. "अम्मीला सर्व्हर म्हणजे काय ते माहीत नाही, ती काय पारखणार?" ज्या बाईने तुमच्यासाठी शिकवणी निवडली, मदरशातल्या उस्तादांची वर्तणूक दुरून ओळखली, बहिणीसाठी आलेली चार स्थळं दोन प्रश्नांत परत पाठवली, तिला माणसांची पारख शिकवायची गरज नाही. तिला फक्त समोर काय चाललंय ते तिच्या भाषेत सांगायचं आहे. "लूट बॉक्स" म्हणू नका, "सोडत" म्हणा. "गिल्ड" म्हणू नका, "टोळी" म्हणा. "मायक्रोट्रान्झॅक्शन" म्हणू नका, सांगा की पोरगा थोडे थोडे करून पैसे टाकतोय. बघा, ती पुढचा प्रश्न स्वतः विचारते की नाही.

दुसरा आक्षेप: "हे सगळं सरकारने आणि कंपन्यांनी करायचं." करायलाच हवं, आणि आपण ते मागायलाही हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागेल असं म्हटलंय. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी आणली. पण संमती द्यायची म्हणजे कशाला, हे ज्या पालकाला माहीत नाही त्याच्याकडून कंपनी एका बटणावर संमती घेऊन मोकळी होईल. आणि बंदीने काय होतं ते नातेवाइकांना विचारा. तुर्कस्तानने २०२४ मध्ये, कतार आणि कुवेतने २०२५ मध्ये रोब्लॉक्स बंद केलं. तिथल्या आपल्या चुलतभावंडांना विचारा, मुलं खेळायची थांबली का, की व्हीपीएन लावायला शिकली.

तिसरा आक्षेप जास्त खरा आहे: "ही पाळत नाही का?" नऊ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत नाही. त्याच्याबरोबर बसणं ही पाळत नव्हे, सोबत आहे. पंधरा वर्षांच्या मुलीचे चॅट चोरून वाचणं मात्र पाळतच आहे, आणि ती मी सुचवत नाही. तिच्याशी पाच प्रश्नांवर बोला, उत्तरं तिला देऊ द्या. मोहल्ला पारखायला शिकलेली मुलगी पुढच्या मोहल्ल्यातही शहाणी राहते. कुलूप लावलेली मुलगी कुलूप निघेपर्यंतच.

आता काम सांगतो. गेम पारखायचा एकच प्रामाणिक मार्ग आहे, तो म्हणजे स्वतः आत जाऊन बघणं. धाकट्याच्या वयाचं, खरं जन्मसाल टाकून नवं खातं उघडा. चॅट बंद न करता एक तास खेळा. किती अनोळखी लोक बोलले, किती वेळा पैसे मागितले, निघताना कोणी थांबवलं, ते कागदावर लिहा. मग अम्मीला शेजारी बसवून तो कागद वाचून दाखवा आणि धाकट्यालाही बोलवा. त्याचा गेम आहे, त्याला बाजू मांडू द्या.

आणि घरापुरतं थांबू नका. तुमच्या वस्तीत अभ्यासिका आहे, वाचनालय आहे, जमातखाना आहे. एक रविवार संध्याकाळ मागून घ्या. भाषण नको, बॅनर नको, प्रमुख पाहुणे तर मुळीच नकोत. आयांनी आपापले फोन आणि मुलं घेऊन यायचं, तुम्ही चार-पाच जणांनी एकेकीशेजारी बसून प्ले स्टोअरचा पासवर्ड लावायचा, पालकांचं खातं जोडायचं, चॅटचं सेटिंग दाखवायचं. ज्या पोरांना तुम्ही 'दिवसभर गेम खेळतो' म्हणून हिणवता, त्यांनाच शिकवायला बसवा. त्या मोहल्ल्याच्या गल्ल्या त्यांच्याइतक्या कोणालाच माहीत नाहीत.

"हराम आहे" म्हणणं सोपं आहे, "खेळू दे" म्हणणं त्याहून सोपं. दोन्हींत मूल एकटंच आत जातं. त्याच्याबरोबर आत जायला घरात एकच माणूस तयार होऊ शकतो, ज्याला रस्ता माहीत आहे. तो माणूस आत्ता हा लेख फोनवर वाचतोय.